अपलोड एवढा तोकडा का? केबलच्या तारेत मुरलेले सरकारी नियम

तारायंत्र

केबलच्या इंटरनेटबद्दल या फोरमवर एक तक्रार सारखी येते: डाउनलोड पाचशे किंवा हजार मेगाबिट मिळतो, पण अपलोड वीस-पस्तीसच्या वर सरकत नाही. त्यावर ठरलेलं उत्तर असं, की लोक घेतात जास्त, पाठवतात कमी, म्हणून इंजिनिअरांनी तसं बांधलं. बरीच वर्षं या तारांवर काम केल्यामुळे मला हे उत्तर अर्धंच वाटतं. उरलेलं अर्धं सरकारी कागदांत आहे, आणि ते कागद केबल मोडेम यायच्या पन्नास वर्षं आधीचे आहेत.

कोअॅक्सियल तारेत, म्हणजे केबल टीव्हीच्या जाड गोल तारेत, दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी चालते, फक्त वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर. जुन्या अमेरिकी पद्धतीत घराकडून केबल कंपनीच्या केंद्राकडे जाणारा सिग्नल ५ ते ४२ मेगाहर्ट्झमध्ये बसतो. घराकडे येणारा ५४ पासून सुरू होतो आणि साडेसातशे, हजारपर्यंत जातो. म्हणजे पाठवायला ३७ मेगाहर्ट्झ आणि घ्यायला सातशे ते साडेनऊशे.

ही ५४ ची रेघ मोडेम बनवणाऱ्यांनी मारलेली नाही. एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, हवेतल्या टीव्हीसाठी जे चॅनेल आखून दिले त्यात चॅनेल २ सुरू होतो ५४ मेगाहर्ट्झला. केबल आली ती मुळात हेच हवेतले चॅनेल उंचावरच्या अँटेनाने पकडून तारेने घरोघरी पोचवायला. घरातला टीव्ही २ वर लावला की तो ५४ ते ६० मध्येच ऐकणार, त्यामुळे तारेतही चॅनेल २ तिथेच ठेवणं भाग होतं. पुढे परतीची, म्हणजे घराकडून केंद्राकडे जाणारी, वाट काढायची वेळ आली तेव्हा तिच्या वाट्याला त्याखालची उरलीसुरली जागा आली.

केबलचा पसाराही एका सरकारी निर्णयानेच वाढला. टीव्ही केंद्रं एकमेकांच्या सिग्नलवर चढायला लागली म्हणून एफसीसीने ३० सप्टेंबर १९४८ ला नव्या टीव्ही केंद्रांचे परवाने देणं थांबवलं. काही महिन्यांपुरती म्हणून घातलेली ही बंदी एप्रिल १९५२ पर्यंत चालली. ज्या गावांत टीव्ही केंद्र नव्हतं तिथे ते आता येणारही नव्हतं. पेन्सिल्व्हेनियातल्या, ओरेगनमधल्या लोकांनी मग टेकडीवर अँटेना उभारून खाली तार ओढली.

खांबावरच्या अँप्लिफायरचं, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या डब्याचं, झाकण उघडलं की आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकाशी डायप्लेक्स फिल्टर बसवलेले दिसतात. ४२ च्या खालचं एका वाटेने काढायचं आणि ५४ च्या वरचं दुसऱ्या वाटेने, एवढंच त्यांचं काम. मधले १२ मेगाहर्ट्झ मोकळे सोडलेले असतात, कारण फिल्टर काही सुरीसारखा कापत नाही. ही सीमा सरकवायची तर त्या मार्गावरचा एकूण एक अँप्लिफायर उघडावा लागतो. सॉफ्टवेअर बदलून हे काम होत नाही.

शिवाय ५ ते ४२ ही सगळ्यात गलिच्छ जागा. शॉर्टवेव्ह रेडिओ, मोटारींच्या ठिणग्या, खराब पॉवर सप्लाय, सगळ्यांचा गोंगाट याच पट्ट्यात. त्यात परतीच्या दिशेने शेकडो घरांच्या तारा एकत्र येतात. एका घरातला एक सैल कनेक्टर अख्ख्या नोडचा, म्हणजे एकाच जोडबिंदूवरच्या सगळ्या घरांचा, अपलोड खराब करू शकतो.

प्रश्नपत्रिका

वाचतेय. युरोपातही सीमा ४२ वरच आहे का?

तारायंत्र

नाही. तिथे चॅनेलची आखणी वेगळी, त्यामुळे परतीचा पट्टा सहसा ६५ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. चॅनेलची रुंदीही वेगळी आहे. अमेरिकेत टीव्हीचा चॅनेल ६ मेगाहर्ट्झचा, युरोपात ८ चा. १९९७ साली केबल मोडेमचं डॉक्सिस हे मानक आलं तेव्हा त्याने डाउनलोडसाठी ६ ची चौकट जशीच्या तशी उचलली आणि युरोपसाठी ८ ची वेगळी आवृत्ती निघाली. एकाच पद्धतीचा सिग्नल ६ मध्ये साधारण ३८ मेगाबिट नेतो आणि ८ मध्ये ५० च्या आसपास. हा फरक कृष्णधवल टीव्हीच्या काळात दोन खंडांनी चॅनेल वेगवेगळे आखले त्याचा आहे.

आणखी एक. अमेरिकेत कधीकाळी चॅनेल १ सुद्धा होता, ४४ ते ५० मेगाहर्ट्झवर. १९४८ मध्येच तो टीव्हीकडून काढून फिरत्या रेडिओसेवांना दिला. तो राहिला असता तर अपलोडची जागा आणखी आक्रसली असती.

गणकचक्र

माहिती उत्तम, निष्कर्ष पटला नाही. १९९७ मध्ये लोक वेबपानं वाचत होते. घरून कोण काय पाठवत होतं? तेव्हा ३७ मेगाहर्ट्झ पुरेसे होते म्हणून कुणी हात लावला नाही. मागणी असती तर कंपन्यांनी पैसा ओतून सीमा सरकवली असती. डॉक्सिस ३.१ मध्ये ८५ आणि २०४ मेगाहर्ट्झपर्यंतच्या परतीची सोय २०१३ पासून कागदावर आहे. तंत्रज्ञान मागणीमागे जातं, धोरण त्याच्याही मागून धावतं.

तारायंत्र

१९९७ पुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मग १९७२ कडे बघा. त्या वर्षी एफसीसीने नियम केला की मोठ्या शंभर बाजारपेठांतल्या नव्या केबल यंत्रणेत किमान २० चॅनेलची क्षमता हवी आणि सिग्नल परत पाठवायची सोयही हवी. तेव्हा घरून काही पाठवावं अशी मागणी कुणाचीच नव्हती. परतीच्या भागासाठी जागा ठेवलेले अँप्लिफायर याच काळात बाजारात आले. बहुतेक ठिकाणी तो भाग कधी बसवलाच नाही, आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पठडीतल्या सक्ती आयोगाच्या अधिकाराबाहेरच्या ठरवून रद्द केल्या. तरी ५ पासून वरच्या परतीच्या पट्ट्याची कल्पना उपकरणांच्या आराखड्यात राहिली. नव्वदच्या दशकात मोडेमवाल्यांना जी वाट मिळाली ती हीच.

ज्यांच्या तारेवर परतीची वाट चालूच केलेली नव्हती, त्यांच्या ग्राहकांना सुरुवातीचे काही केबल मोडेम डाउनलोड केबलवरून आणि अपलोड टेलिफोनच्या तारेवरून करून देत. मागणी आलेली होती, पण तारेची तयारी नव्हती.

रानवारा

धोरण कुठवर पोचतं हे बघायचं तर जर्मनीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

१९८१ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या मंत्रिमंडळाने देशभर फायबर टाकायची दिशा ठरवली होती. १९८२ मध्ये सरकार बदललं. नव्या कोल सरकारचे पोस्टमंत्री ख्रिस्तियान श्वार्त्स-शिलिंग यांनी त्याऐवजी तांब्याच्या कोअॅक्सियल तारेवर भर दिला. हेतू राजकीय होता आणि उघड होता: खासगी टीव्ही वाहिन्या लवकर घराघरांत पोचवायच्या. टीव्ही एका दिशेने पुरवायला कोअॅक्सियल तयार होती, स्वस्त होती. पोस्ट खात्याने अवाढव्य जाळं उभारलं.

त्यातही शेवटचा तुकडा, म्हणजे इमारतीच्या आतली तार, धोरणाने वेगळ्या कंपन्यांकडे गेली. रस्त्यापर्यंतची तार एकाची, जिन्यातली दुसऱ्याची.

पुढे पोस्ट खात्यातून डॉइच टेलिकॉम झाली आणि तिच्या हातात टेलिफोनचं जाळंही आलं आणि केबलचंही. आता टेलिफोनच्या तारेवर डीएसएल, म्हणजे त्याच तारेवरचं इंटरनेट, विकणारी कंपनी आपल्याच केबलवर परतीची वाट कशाला उघडेल? स्वतःच्याच धंद्याला स्वतः स्पर्धक उभा करायचा? अमेरिकेत केबल मोडेमचा प्रसार होत होता तेव्हा जर्मनीतली ती प्रचंड केबल एकतर्फी टीव्ही दाखवत पडून होती. युरोपीय आयोगाच्या दबावाखाली टेलिकॉमने २००० ते २००३ दरम्यान केबलचं जाळं प्रदेशवार विकलं, आणि त्यानंतरच तिथे केबल इंटरनेट खऱ्या अर्थाने वाढलं.

गणकचक्र, इथे मागणी होती आणि तंत्रज्ञानही शेजारच्या देशांत चालू होतं. आडवी आली ती मालकी, आणि ती सरकारने ठरवलेली होती.

सहावा_खांब

रानवारा, +१. ब्रिटनमध्ये नेमकं उलट झालं. १९९१ च्या श्वेतपत्रिकेने केबल कंपन्यांना स्वतःच्या बळावर टेलिफोन सेवा द्यायची मुभा दिली आणि ब्रिटिश टेलिकॉमला मात्र आपल्या जाळ्यावरून टीव्ही कार्यक्रम दाखवायला मोठ्या काळासाठी मनाई केली. परिणाम थेट जमिनीत दिसतो. तिथल्या केबल कंपन्यांनी घरापर्यंत जी तार टाकली ती जोडतार होती: एका अंगाला टीव्हीसाठी कोअॅक्सियल, दुसऱ्या अंगाला टेलिफोनसाठी तांब्याची जोडी, दोन्ही एकाच आवरणात चिकटलेल्या. अमेरिकेत त्या काळी टाकलेल्या केबलमध्ये ही जोडी सहसा नसे, कारण तिथल्या केबल कंपन्यांना टेलिफोनचा धंदा १९९६ च्या कायद्यानंतरच नीट खुला झाला.

त्याआधी १९८४ मध्ये ब्रिटिश सरकारने तर तारेचा आकारच निवडायचा प्रयत्न केला होता. एका खोडातून फांद्या फुटाव्यात तशी केबल नको, प्रत्येक घराला स्विचपासून स्वतंत्र तार द्या, आणि तसं कराल तर परवाना जास्त वर्षांचा मिळेल, अशी सवलत ठेवली. थोड्या कंपन्यांनी ती घेतली. बाकीच्यांनी स्वस्त पडणारी फांद्यांची पद्धतच धरली.

गणकचक्र

जर्मनीचा मुद्दा मान्य. पण यावरून धोरणाने तंत्रज्ञान निवडावं असं निघत नाही, उलटच निघतं. ब्रिटनची सवलत फसली. अमेरिकेत सेट-टॉप बॉक्सबद्दल काय झालं तेही आठवा. १९९६ च्या कायद्याने सांगितलं, ग्राहकाला स्वतःचा बॉक्स विकत घेता आला पाहिजे. त्यासाठी केबलकार्ड, म्हणजे कुठल्याही बॉक्समध्ये घालून चॅनेल उघडणारं कार्ड, आलं, आणि कंपन्यांनीही आपल्या बॉक्समध्ये तेच वापरावं अशी सक्ती जुलै २००७ पासून झाली. तोवर कंपन्या ज्याला जो चॅनेल हवा तेवढाच तारेत सोडायच्या पद्धतीकडे निघाल्या होत्या. त्यासाठी बॉक्सने केंद्राला उलटा निरोप द्यावा लागतो. ग्राहकाने विकत घेतलेली केबलकार्डवाली यंत्रं एकतर्फी, मग त्यांना जोडायला आणखी एक वेगळी डबी द्यावी लागली. पुढे संसदेने ती सक्तीच काढून टाकली. नियम लिहून होईतो तंत्रज्ञान पुढच्या गावाला पोचलेलं असतं.

प्रश्नपत्रिका

मग नियम कोणत्या प्रकारचे टिकतात? तार कशी असावी ते सांगणारे, की तार कुणी वापरायची ते सांगणारे?

रानवारा

दुसऱ्या प्रकारचे जास्त खोल जातात असं मला वाटतं, पण ते कोणत्या दिशेने नेतील हे आधी सांगणं अवघड.

अमेरिकेत एकाच घरात येणाऱ्या दोन तारांना दोन कायदे लागू होते. टेलिफोन कंपनीला आपली तार प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने द्यावी लागत होती. केबल मोडेमला मात्र एफसीसीने मार्च २००२ मध्ये 'माहिती सेवा' या वर्गात टाकलं, म्हणजे केबल कंपनीवर ती जबाबदारीच नाही. जून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रँड एक्स खटल्यात हे वर्गीकरण ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरलं. त्याच सुमारास डीएसएललाही तीच सूट मिळाली. दुसऱ्याच्या तारेवर सेवा विकणाऱ्या छोट्या कंपन्यांचा पाया तिथेच खचला.

२००३ मध्ये एफसीसीने घरापर्यंतच्या नव्या फायबरलाही भाड्याच्या सक्तीतून वगळलं आणि त्यानंतर व्हेरायझन या टेलिफोन कंपनीने मोठ्या प्रमाणावर फायबर टाकायला घेतलं. सूट मिळाली म्हणून फायबर आलं, असं याचं उदाहरण दिलं जातं. पण जपानने २००१ मध्ये एनटीटी या तिथल्या बड्या टेलिफोन कंपनीला फायबरसुद्धा इतरांना वापरू द्यायला लावलं, आणि घरापर्यंतच्या फायबरमध्ये जपान अमेरिकेच्या कितीतरी पुढे गेला. दोन देश, दोन विरुद्ध नियम, फायबर दोन्हीकडे. म्हणून 'मोकळीक द्या, गुंतवणूक येते' हे वाक्य मला तेवढ्यावर पटत नाही.

दक्षिण कोरियाचा उपाय मला फार आवडतो. १९९९ मध्ये तिथल्या सरकारने इमारतींना आतल्या दळणवळणाच्या वायरिंगप्रमाणे दर्जा देणारं प्रमाणपत्र सुरू केलं. घर घेणारा ते प्रमाणपत्र बघून घर निवडणार, मग बिल्डर आपणहून चांगली वायर टाकणार. जर्मनीत जिन्यातली तार अडचण होऊन बसली, कोरियात तीच आधी सुटली.

सांजसकाळ

भारतातलं केबल डिजिटायझेशन या चर्चेत यायलाच हवं. केबल कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीने केबल टीव्ही टप्प्याटप्प्याने डिजिटल करणं सक्तीचं झालं. पहिला टप्पा ३१ ऑक्टोबर २०१२ ला चार महानगरांत, शेवटचा ३१ मार्च २०१७ पर्यंत. रोग होता ग्राहकसंख्या लपवण्याचा. खाली जोडण्या किती आहेत हे वाहिन्यांनाही कळत नव्हतं आणि कर घेणाऱ्या सरकारलाही. म्हणून कायद्याने मागितलं ते असं: सिग्नल कोड केलेला, आणि प्रत्येक बॉक्स केंद्रातून ओळखता येईल असा. तारेला परतीची वाट हवी, असं त्यात कुठेही नव्हतं.

मग घराघरांत बहुतेक एकतर्फी बॉक्स गेले. अँप्लिफायर बदलायचा खर्च करायला कुणाला कारणच उरलं नाही. ही एक संधी होती, आख्ख्या देशातलं उपकरण एकदाच बदलायची, आणि ती फक्त मोजणीवर खर्च झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यात परवान्यांचीही फाटाफूट: केबल ऑपरेटरची नोंदणी तेव्हा मुख्य पोस्ट ऑफिसात आणि विषय माहिती व प्रसारण खात्याचा, इंटरनेटचा परवाना दूरसंचार विभागाचा. खांबावरचा माणूस तोच, वरची खाती दोन.

सहावा_खांब

सांजसकाळ, पण त्यामुळेच तिथे ब्रॉडबँड वेगळ्या तारेने आलं ना? केबलवाल्यांनी इमारतीपर्यंत फायबर आणि आत इथरनेट टाकलं, आता थेट घरात फायबर. कोअॅक्सियलमध्ये पैसा अडकला नाही, म्हणून सोडून देणंही सोपं गेलं. ऑस्ट्रेलियाने उलटं करून पाहिलं. २००९ ची योजना ९० टक्के घरांना थेट फायबर द्यायची होती. २०१३ मध्ये सरकार बदललं आणि असलेल्या तांब्याचा व कोअॅक्सियलचा वापर करायचं ठरलं. सरकारी कंपनीने टेलस्ट्रा आणि ऑप्टस या दोन दूरसंचार कंपन्यांची केबल जाळी ताब्यात घेतली. २०१६ मध्ये ऑप्टसचं जाळं मोठ्या प्रमाणावर वापरण्यालायक नाही असं ठरवावं लागलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये उरलेल्या केबलवर नव्या जोडण्या देणं थांबवून आधी तारेतले दोष काढत बसावं लागलं. आणि २०२० पासून तांब्यावरच्या लाखो घरांना पुन्हा फायबर द्यायचा कार्यक्रम सुरू झाला.

सांजसकाळ

हे मान्य. पण स्वस्त दुतर्फा केबल दहा वर्षं आधी मिळाली असती तर त्या दहा वर्षांत जे मोबाइल डेटावरच राहिले त्यांचं काय, हाही हिशोब धरायला हवा.

गणकचक्र

आकड्यांच्या व्याख्येबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि माझ्या मते आज सगळ्यात जास्त जोर तिथे आहे. अमेरिकेत 'ब्रॉडबँड' म्हणायला २०१५ पासून २५ मेगाबिट डाउनलोड आणि ३ अपलोड लागत होतं, मार्च २०२४ पासून १०० आणि २०. भारतात ही मर्यादा २००४ मध्ये २५६ किलोबिट होती, आता २ मेगाबिट. अमेरिकेच्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ब्रॉडबँड पोचवायला ४२.४५ अब्ज डॉलर ठेवले, आणि भाग 'अपुरा' धरायचा की नाही तेही १००/२० वरच ठरवलं.

तारायंत्र

नेमकं बोललात. ३७ मेगाहर्ट्झच्या परतीत ६.४ मेगाहर्ट्झचे चार चॅनेल नीट चालवले तर सगळ्या शेजाऱ्यांत मिळून शंभरच्या आसपास मेगाबिट अपलोड होतो. त्यातून एका ग्राहकाला २० देता येतात. ४२ ची सीमा न हलवता, खांबावर न चढता, जुनी केबल या व्याख्येत बसते आणि तिच्या भागात दुसऱ्या कुणाला त्या निधीतून तार टाकता येत नाही. हाच आकडा १०० अपलोड ठेवला असता तर बहुतेक कंपन्यांना फिल्टर बदलायला माणसं पाठवावी लागली असती. अपलोडच्या रकान्यातला एक आकडा खांबावरचं काम ठरवतो. म्हणूनच असे आकडे ठरतात तेव्हा तंत्रज्ञांनी हरकती-सूचना पाठवल्याच पाहिजेत, असं मी कळकळीने सांगत असतो.

प्रश्नपत्रिका

आता कंपन्या सीमा २०४ पर्यंत नेतायत असं वाचलं. मग अडचण संपली?

तारायंत्र

जागेची बरीचशी संपते, पण मग विमानांचा नियम समोर येतो. १०८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा विमानांच्या दिशादर्शनाचा आणि वैमानिकांच्या बोलण्याचा पट्टा. केबलही आत तीच फ्रिक्वेन्सी वापरते, तारेतच बंद राहील या बोलीवर. तार कुठे चिरली की सिग्नल बाहेर गळतो. म्हणून एफसीसीने गळतीला मर्यादा घातली: ५४ ते २१६ मेगाहर्ट्झमध्ये ३ मीटरवर २० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. गळती शोधायची रीत अशी, की केंद्रातून या पट्ट्यात एक ओळखीची खूण सतत सोडायची आणि गाडीत रिसीव्हर ठेवून रस्त्यांवरून फिरायचं. खूण ऐकू आली तिथे चीर.

सीमा २०४ ला नेली की हा पट्टा परतीच्या बाजूला जातो. केंद्रातून तिथे खूण सोडताच येत नाही. आता तिथे सिग्नल असतो तो घरातल्या मोडेमचा, तोही मोडेम काही पाठवेल तेवढाच वेळ, आणि घरातला असल्यामुळे चांगलाच जोरकस. म्हणून केंद्राने मोडेमांना ठरावीक वेळी ओळखीचा तुकडा पाठवायला सांगायचं आणि गाडीतल्या रिसीव्हरने त्याच तुकड्यावर कान ठेवायचा, अशी पद्धत बसवावी लागली. फिल्टर बदलायला निघालेल्या प्रत्येक कंपनीला गाड्यांमधली ही यंत्रंही सोबत बदलावी लागतात.